‘दास म्हणे’ : मराठी ख्रिस्ती लेखकाचा आत्मविश्वास आणि त्याची नम्रता

(१)

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांतून पदव्युत्तर मराठीच्या अभ्यासासाठी येणाऱ्या काही विद्यार्थ्यांसमवेत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची अभंगरचना वाचीत असताना दोन प्रश्न पुढे आले. मुरबाडकडील एका विद्यार्थिनीने विचारले, “लक्ष्मीबाई पानोपानी स्वतःलाच हसतात, मग त्यांच्या सांगण्यावर आपला एवढा विश्वास का बसतो?” शहापूरकडील एका विद्यार्थ्याची शंका उलट बाजूची होती. तो म्हणाला, “टिळक स्वतःला ‘दास’ म्हणवितात. पण आमच्या गावच्या भजनात प्रत्येक अभंग असाच कोणाच्या तरी नावावर संपतो. मग ही नम्रता समजावयाची की नुसती रीत?”

दोन्ही प्रश्न वस्तुतः एकच आहेत. ख्रिस्ती लेखकाने किती ठामपणे बोलावे आणि किती लीन व्हावे, हा तो प्रश्न होय. आपण सांगतो ती सुवार्ता सत्य आहे, असे त्याला मानावेच लागते. तसे न मानणाऱ्याने ती सांगण्याच्या खटपटीत का पडावे? उलट, तीच सुवार्ता त्याला सांगत असते की तो स्वतः क्षमा पावलेला एक पापी मनुष्य आहे, इतरांहून तसूभरही उंच नाही. धर्मोपदेशकाला ही अडचण प्रवचनापुरती भासते. लेखकाला ती प्रत्येक वाक्यात भासते, कारण प्रत्येक वाक्याला कर्ता लागतो आणि क्रियापद लागते.

मराठीत या अडचणीला आणखी एक पदर आहे. वसईच्या किनारपट्टीवर ख्रिस्ती लेखकाला स्वतःचा असा वाचकवर्ग शतकानुशतके लाभलेला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई आणि शहापूर-मुरबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होती. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याच्या या बाजूस हरिपाठ, कीर्तन आणि देवदेवकांची गाणी ऐकून वाढलेला वाचक ख्रिस्ती लेखकाला भेटतो तो केवळ पुस्तकातून. त्याच्यापुढे चर्चची घंटा नसते, ओळखीचा धर्मगुरू नसतो. असते ते फक्त वाक्य. म्हणूनच हा प्रश्न या वाचकाच्या बाजूने पाहणे उपयुक्त ठरेल.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे असते की दोहोंचा समतोल साधावा. आत्मविश्वास थोडा आवरावा आणि नम्रता थोडी वाढवावी. प्रस्तुत लेखकाला हे उत्तर चुकीचे वाटते. आत्मविश्वास आणि नम्रता या एकाच तराजूच्या दोन पारड्यांतील वस्तू नव्हेत. वाक्यात त्यांच्या जागा निरनिराळ्या आहेत. त्या आपापल्या जागी असल्या तर दोन्ही पूर्ण प्रमाणात नांदू शकतात. त्यांची अदलाबदल झाली की लेखन बिघडते. हे विधान चार-पाच मराठी ख्रिस्ती लेखकांच्या आधारे तपासून पाहणे, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

(२)

नमन करणे आणि ठासून सांगणे या दोन क्रिया एकाच लेखात नांदू शकतात, हे आपल्या भागातील वाचकाला नवे नाही. मुरबाड आणि जुन्नर यांच्या सीमेवरील नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख आहे. त्याच्या आरंभी देवतांना नमन आहे. इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांची नावे तेथे येतात. त्यानंतर यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची लांबलचक यादी येते. आधी मस्तक लववावयाचे आणि मग संकोच न बाळगता केलेल्या कृत्यांची मोजदाद करावयाची, अशी ही मांडणी आहे. येथे नम्रतेने आत्मविश्वासाला कोठेही सौम्य केलेले नाही. नमन देवतांपुढे आहे आणि यादी लोकांपुढे आहे. त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत, म्हणून त्यांचा एकमेकींशी झगडा होत नाही.

ख्रिस्ती परंपरेतही याच स्वरूपाचा विचार फार जुना आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मातीच्या भांड्यात ठेवलेल्या ठेव्याची प्रतिमा योजतो. भांडे मातीचे आहे म्हणून ठेवा कमी किमतीचा ठरत नाही, आणि ठेवा मोलाचा आहे म्हणून भांडे सोन्याचे होत नाही. राणीच्या लेखाहून येथे एक पाऊल पुढे आहे : राणीची यादी तिच्या स्वतःच्या कृत्यांची आहे, तर पौलाच्या प्रतिमेत मोलाची वस्तू लेखकाची नाहीच. ख्रिस्ती लेखकाच्या वाट्याला हीच प्रतिमा येते. तिचे व्याकरण मराठीत कसे होते, हे आता पाहावयाचे आहे.

(३)

मराठीतील ख्रिस्ती लेखनाचा विचार फादर थॉमस स्टीफन्सपासूनच सुरू करावा लागतो. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला, त्याने आपले पुढील बहुतेक आयुष्य साष्टीत वेचले आणि १६१९ मध्ये तो निवर्तला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीचा भाग सर्वपरिचित आहे. रत्ने, फुले, सुगंधी द्रव्ये, पक्षी, वृक्ष अशी उपमांची माळ गुंफून स्टीफन्स मराठीला सर्व भाषांत मानाचे स्थान देतो. परक्या देशातून आलेल्या माणसाने हे बोलावे, हे धाडसच म्हटले पाहिजे. तेथे ‘मला वाटते’ नाही, ‘माझ्या अल्प समजुतीप्रमाणे’ नाही.

या स्तुतीचे कौतुक सर्वत्र होते. तिच्याइतकेच महत्त्वाचे असे एक गद्य निवेदन याच ग्रंथाला जोडलेले आहे, त्याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. त्यात स्टीफन्स सांगतो की देवाविषयीच्या गोष्टी सांगण्यास ही भाषा योग्य वाटली, परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही. यास्तव पूर्वीच्या कवींचे पुष्कळसे अवघड शब्द टाकून, ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळून आपण काव्य सुगम केले आहे. भाषेच्या अभ्यासकाला हे निवेदन अत्यंत मोलाचे आहे. ज्या भाषेला लेखकाने रत्न म्हटले, तिचेच शुद्ध रूप त्याने वाचकासाठी सोडून दिले. विद्वत्ता दाखविण्याची संधी हाती असताना त्याने ती घेतली नाही. त्याचा विषयावरील आणि भाषेवरील विश्वास अखंड राहिला, आणि त्याची नम्रता शब्दांच्या निवडीत उतरली. ‘मी नम्र आहे’ असे सांगण्याची त्याला आवश्यकताच उरली नाही.

अर्थात् एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. स्टीफन्सच्या पाठीशी सत्ता होती. नवख्रिस्ती लोकांच्या हातून त्यांचे जुने ग्रंथ गेलेले होते. त्यांच्या जागी काही द्यावे, या मागणीच्या चौकटीतच पुराणाचे कथन सुरू होते. जुने काढून घेणाऱ्या व्यवस्थेतच नवे देणारा लेखक उभा होता. तेव्हा त्याच्या ठाम स्वरात किती भाग श्रद्धेचा आणि किती भाग सत्तेचा, हा प्रश्न आजच्या वाचकाने विचारणे रास्तच आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाने ‘ख्रिस्तपुराणा’चे मोल नाहीसे होत नाही, परंतु ज्याच्या पाठीशी सत्ता आहे त्याच्या नम्रतेची कसोटी अधिक कडक असली पाहिजे, एवढे त्यावरून निश्चित होते. सोप्या शब्दांची निवड ही त्या कसोटीस उतरणारी एक गोष्ट आहे. ती एकमेव ठरू नये.

तीन शतकांनंतर पंडिता रमाबाईंनी हीच वाट अधिक कठीण परिस्थितीत चोखाळली. त्यांच्यामागे सत्ता नव्हती. होती ती संस्कृतची विद्वत्ता. १८७८ मध्ये कलकत्त्यातील पंडितांनी त्यांना मोठ्या पदव्यांनी गौरविले होते. या विदुषीने उत्तरायुष्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविण्याचे काम अंगावर घेतले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका व्यक्तीने मूळ भाषांवरून सबंध बायबल भाषांतरित करावे, यात केवढा आत्मविश्वास आहे! परंतु तो खर्ची पडला तो अल्पशिक्षित बायकांना कळेल असा शब्द शोधण्यात. संस्कृत पंडितेने संस्कृत शब्द बाजूला ठेवणे म्हणजे आपली कमाई बाजूला ठेवणे होय. स्टीफन्सने जे सोडले ते त्याने शिकून मिळविलेले होते. रमाबाईंनी जे सोडले ते त्यांना आईवडिलांकडून मिळालेले होते. दुसरा त्याग अधिक जड आहे.

(४)

याच्या उलट बाजूचे उदाहरण बाबा पद्मनजींच्या ‘यमुनापर्यटना’त सापडते. पद्मनजींचा जन्म १८३१ चा. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात. वाटेत त्यांना ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. पुढे विनायकाचा मृत्यू होतो. वैधव्याची दुःखे सोसल्यावर यमुना ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो.

या पुस्तकात दोन लेखक वावरतात, असे म्हणावेसे वाटते. पहिला लेखक ऐकणारा आहे. विधवा बोलत असतात तेव्हा तो मध्ये पडत नाही. केशवपन, उपवास, घरातील छळ, फसवणूक यांचे तपशील त्या बायकांच्या तोंडून येतात आणि आज पावणेदोनशे वर्षांच्या सुमारास वाचतानाही ते खरे वाटतात. दुसरा लेखक उत्तर माहीत असलेला आहे. वादविवादाच्या प्रसंगी समोरच्या पात्राने काय विचारावे हेही त्यानेच ठरविलेले असते, आणि शेवटाला कथेने कोठे पोहोचावे हे तर आरंभीच ठरून गेलेले असते. पहिल्या लेखकाचा आत्मविश्वास पाहिलेल्या-ऐकलेल्या वस्तुस्थितीवर आहे. दुसऱ्याचा स्वतःच्या युक्तिवादावर. दोन्ही भागांत श्रद्धा तीच आहे, तळमळही तीच आहे. बदलते ती आत्मविश्वासाची जागा. वस्तूवरून तो युक्तिवाद करणाऱ्यावर सरकला की वाचकाला आपण बोलण्यात हरविले जात आहोत असे वाटू लागते, आणि हरविलेला माणूस क्वचितच पटवून घेतो. शहापूर-मुरबाडचा विद्यार्थी विधवांच्या कहाण्यांजवळ थांबतो आणि वादाची पाने उलटतो, हा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. त्याच्यावर धर्मद्वेषाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. तो साहित्याचा न्यायच करीत असतो.

(५)

आता टिळकांच्या ‘दास म्हणे’कडे वळू. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. हा पूल केवळ भावनेचा नव्हता. तो रचनेचा आणि व्याकरणाचाही होता. वारकरी कवींची नाममुद्रा टिळकांनी ख्रिस्ती भजनात आणली, पण आणताना तिच्यात एक फरक केला.

‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’, ‘तुका म्हणे’ या मुद्रांची घडण पाहावी. बोलणारा कवी स्वतःस ‘मी’ म्हणत नाही. तो स्वतःकडे तृतीय पुरुषाने पाहतो. नावही पूर्ण घेत नाही. नामदेवाचा ‘नामा’ आणि तुकारामाचा ‘तुका’ होतो, हाक मारताना घरचे लोक जसे नाव तोडतात तसे. एवढी लीनता कर्त्याच्या पदरी घातल्यावर पुढचे क्रियापद मात्र सरळ उभे राहते : ‘म्हणे’. तेथे ‘म्हणू पाहतो’ नाही, ‘म्हणावेसे वाटते’ नाही. कर्ता जितका लहान, तितके विधान निःशंक, असे हे सूत्र आहे.

टिळकांनी नावही काढून टाकले. ‘दास’ हे सामान्यनाम आहे. कोणीही दास होऊ शकतो. रामदासी परंपरेत ‘दास’ शब्द येतो तेव्हा त्यात रामदासांच्या नावाचा अंश तरी ऐकू येतो. टिळकांच्या मुद्रेत ‘नारायण’ ऐकू येत नाही आणि ‘टिळक’ही ऐकू येत नाही. चित्पावन कुळ, कवी म्हणून झालेली कीर्ती, मिशनमधील स्थान, यांपैकी काहीही त्या शब्दात उरत नाही. मात्र ‘म्हणे’ तसेच राहते. टिळकांच्या फुलामुलांच्या कवितेला या मुद्रेची गरज भासत नाही. जेथे देवाविषयी विधान करावयाचे आहे, म्हणजे जेथे दावा सर्वांत मोठा आहे, नेमका तेथे कर्ता सर्वांत लहान केलेला आहे.

शहापूरच्या विद्यार्थ्याची शंका येथे पुन्हा उभी राहते : ही रीतच नव्हे काय? होय, ही रीत आहे. परंतु रीत म्हणजे पोकळ वस्तू नव्हे. व्याकरण कोणाचेही अंतःकरण सिद्ध करू शकत नाही, आणि समीक्षकाने त्या खटपटीत पडूही नये. व्याकरण एवढेच दाखविते की बोलणारा कोणत्या जागेवरून बोलतो. जुन्या करारातील संदेष्टे ‘परमेश्वर म्हणतो’ या सूत्राने बोलतात. तेथे म्हणण्याचा कर्ता खुद्द परमेश्वर असतो. ते सूत्र टिळकांना उपलब्ध होते. मिशनचा उपदेशक म्हणून ते वापरण्याचा मोहही पडण्याजोगा होता. त्यांनी मुद्रेसाठी ते घेतले नाही. ‘दास म्हणे’ म्हणजे हे माणसाचे बोलणे आहे. ते चुकले तर दास चुकला, धनी नव्हे. विधानात शंका न कालवता चुकीची जबाबदारी स्वतःकडे घेण्याची सोय या दोन शब्दांत आहे. रीत पाळली गेली की मोडली, हे मग उरलेल्या लेखनावरून आणि वागण्यावरून तपासता येते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा जो मेळावा उभा करण्याचा प्रयत्न केला, त्याचे नाव ‘देवाचा दरबार’ असे होते. संस्थापकाचे नाव त्यात नाही. षष्ठी विभक्ती देवाकडे गेली आहे. नवा पंथ काढण्याइतके धाडस आणि नाव न लावण्याइतकी लीनता येथेही शेजारी शेजारी आहेत.

‘म्हणे’ या रूपासंबंधी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. जुन्या मराठीत हे वर्तमानकाळी रूप होते. आजच्या बोलण्यात ‘तो आला म्हणे’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘म्हणे’ हे ऐकीव माहितीचे चिन्ह झालेले असते. मी पाहिले नाही, लोक सांगतात, असा त्याचा भाव असतो. एकाच रूपाने पूर्वी ठाम उच्चार केला आणि आज ते उच्चाराची जबाबदारी झटकते. ख्रिस्ती लेखनातील कळीचा शब्द ‘साक्ष’ हा आहे, आणि ऐकीव माहिती साक्षीला चालत नाही. अभंगातील ‘म्हणे’ गद्यात जसेच्या तसे नेता येत नाही, त्याचे एक कारण हे असावे. गद्यात साक्ष द्यावयाची तर ‘मी’ म्हणावेच लागते. मग नम्रतेने कोठे राहावे? याचे उत्तर लक्ष्मीबाईंनी दिले.

(६)

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शालेय शिक्षण त्यांना लाभले नाही. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. या ग्रंथात ‘मी’ सर्वत्र आहे. टिळकांनी जो कर्ता पुसून टाकला, तो येथे प्रत्येक पानावर उभा आहे. मात्र हा ‘मी’ फजीत होतो, रुसतो, घाबरतो, चुकतो आणि पुन्हा उठतो. वडिलांच्या सोवळ्याचे वेड, सासरचा जाच, टिळकांचा तापटपणा आणि कोणाला काहीही देऊन टाकण्याची त्यांची सवय, स्वतःचे अज्ञान, हे सारे एकाच मापाने सांगितलेले आहे. स्वतःसाठी माप वेगळे नाही.

मुरबाडच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या क्रियापदांत आहे. त्या ‘मी’ला हसतात, आपल्या पाहण्याला हसत नाहीत. गेले, पाहिले, रडले, म्हटले, खाल्ले : साध्या भूतकाळाची ही क्रियापदे कोठेही लटपटत नाहीत. आपण त्या वेळी मूर्ख होतो, असे त्या सांगतील. पण घडले ते घडलेच नसावे, अशी शंका त्या घेत नाहीत. किंबहुना स्वतःची फजिती सांगण्यास जो कचरत नाही, तो इतर ठिकाणीही काही लपवीत नसेल, असा वाचकाचा विश्वास बसतो. न्यायालयातही स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आपण होऊन सांगणाऱ्या साक्षीदाराचे वजन वाढते. लक्ष्मीबाईंच्या हास्याचा हा उपयोग त्यांनी हेतुपूर्वक केला असे नाही. परंतु तो होतो खरा.

त्यांच्या धर्मांतराचे निवेदन या दृष्टीने विशेष पाहण्यासारखे आहे. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला, हा निर्णय त्यांच्या मनाने बाप्तिस्म्यापूर्वीच घेतला. तो कोणाच्या युक्तिवादाने हरून घेतलेला नव्हता. पाणी कोणाच्या हातचे प्यावे, या रोजच्या अडचणीतून तो वर आला. पद्मनजींची यमुना ठरलेल्या ठिकाणी पोहोचते. लक्ष्मीबाई अडखळत, मागे वळत, भांडत पोहोचतात. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला हा प्रवास स्वतःचा करता येतो, कारण त्यात त्याला कोणी ओढीत नाही. त्याने शेवटपर्यंत जावे असा आग्रह नाही. वाट खरी होती, एवढे मात्र निक्षून सांगितलेले आहे.

आणि तरीही या लीन बाईने ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. टिळकांच्या हातून १९१९ पर्यंत या महाकाव्याचे आरंभीचे अध्यायच झाले होते. उरलेल्या ग्रंथाचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी ओवीबद्ध केला. शाळेत न गेलेल्या विधवेने ख्यातनाम कवीचे अपुरे काव्य पुढे नेणे, याला आत्मविश्वास म्हणावयाचे नाही तर कशाला? जो स्वतःला मोठा समजतो तो तुलनेच्या भीतीने असले काम हाती घेणार नाही. ज्याला स्वतःच्या मोठेपणाची चिंता नाही, तोच ते घेतो.

(७)

आजच्या काळात हा प्रश्न संपलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि हरित वसईच्या चळवळीतील कार्यकर्ते, असा त्यांचा लौकिक होता. धर्मगुरूला हे पद का, म्हणून काहींनी विरोध केला. तरी संमेलन पार पडले. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘नाही मी एकला’ असे आहे. व्याकरणाच्या अंगाने हे तीन शब्द पाहण्याजोगे आहेत. मराठीत नकार सहसा वाक्याच्या अखेरीस येतो. येथे तो ‘मी’च्याही आधी आला आहे. आत्मकथनाला ‘मी’ टाळता येत नाही, पण त्याच्या एकटेपणाचा इन्कार आधी करून मगच तो उच्चारता येतो. ‘दास म्हणे’ आणि ‘स्मृतिचित्रे’तील ‘मी’ यांच्यामधली ही तिसरी वाट म्हणता येईल.

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा : ज्यांच्या लेखनावर परका वाचकही विश्वास ठेवतो, त्या मराठी ख्रिस्ती लेखकांनी नम्रता कर्त्यात आणि शब्दांच्या निवडीत ठेवली, आणि आत्मविश्वास क्रियापदात ठेवला. जेथे कर्ता फुगला तेथे वाद झाला. याच्या उलट एक धोका आहे, आणि तो प्रामुख्याने आपला, म्हणजे विद्यापीठात लिहिणारांचा आहे. ‘कदाचित्’, ‘काही अंशी’, ‘असे म्हणता येऊ शकेल असे वाटते’ अशा शब्दांनी आपण क्रियापद पांगळे करतो आणि त्याला विनय समजतो. त्याच वेळी ‘आम्ही दाखवून दिले आहे’ म्हणून कर्ता मात्र बहुवचनी करतो. नम्रता आणि आत्मविश्वास यांची ही नेमकी अदलाबदल होय. ‘प्रस्तुत लेखक’ हा प्रयोगही या दोषापासून मुक्त नाही. ‘तुका म्हणे’प्रमाणे तोही स्वतःला तृतीय पुरुषात घालतो, परंतु ‘तुका’ शब्दाने माणूस लहान होतो, तर ‘प्रस्तुत लेखक’ या शब्दांनी त्याला खुर्ची मिळते. या निबंधातही ती खुर्ची वापरली गेली आहे, हे मान्य केले पाहिजे.

त्या दोन विद्यार्थ्यांना दिलेले उत्तर येथे नोंदवून थांबतो. लक्ष्मीबाईंवर विश्वास बसतो, कारण त्या स्वतःला हसतात आणि सत्याला हसत नाहीत. टिळकांचा ‘दास’ ही रीत आहे. ती वारकऱ्यांकडून आलेली आहे आणि म्हणूनच तुमच्या गावच्या भजनात बसणाऱ्याला तिची परीक्षा घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. परीक्षेचा प्रश्न एकच : बोलणारा लहान झाला, तेव्हा त्याचे बोलणेही लहान झाले काय? विद्यार्थ्याने यावर पुढच्या आठवड्यात एक टिपण लिहून आणले. त्याचे पहिलेच वाक्य ‘मला असे वाटते की कदाचित्’ असे सुरू झाले होते. ते शब्द खोडून टिपण त्याला परत दिले, आणि मग या निबंधाच्या मसुद्यातील तसेच कितीतरी शब्द मीही खोडले.